काचेआडचा कोंबडा

“माझ्या गं परसात फणस धरले बुडाशी,
भाऊ येतो म्हणूनी मी उभी पाखाडीपाशी…”

जात्यावरचा आईचा तो जुना आवाज कानात घुमला, तेव्हा मैना गाजर सोलत होती. साल कधीच निघून गेली होती; सुरी आता गाभ्यावर फिरत होती. लहानपणी तिने विचारलं होतं, बहिणीची ओवी का नाही गं? जातं न थांबवता आई म्हणाली होती, “घरातल्या माणसाची कोण वाट बघतं गो?”

ओट्याशी सुजय कोंबड्याच्या तुकड्यांना लोणी चोळत होता. मुंबईहून येताना तिच्या ह्या धाकट्या भावाने ओव्हन आणला होता, आणि आजचं जेवण आपण करणार, असं जाहीरही करून टाकलं होतं. बटाटे, कांदे, ढोबळी मिरची, लसणाचा अख्खा गड्डा, सगळं एकाच ट्रेमध्ये. वर मिरपूड आणि लिंबू.

“खोबरं नको?” आईने विचारलं.

“नको गं. पाऊण तास आत ठेवायचं, विषय संपला.”

“बघ मैने. नाहीतर तू. दिवसभर वाटण वाटत बसतेस.”

मैनाने गाजराचे तुकडे ट्रेमध्ये टाकले. वाटण आईलाच लागतं, तेही पाट्यावरचं, हे तिच्या ओठांपर्यंत आलं नि तिथेच राहिलं.

ब्रॉयलर आणायला सुजयने सांगितलं होतं. “माझ्या लेकाला ते पांचट कशाला?” म्हणून आईनेच मैनाला सकाळी खालच्या वाडीत बाबल्याकडे पाठवलं. बाबल्याने गावठी कोंबडा साफ करून, तुकडे करून दिला आणि वर बजावलं, “म्हातारा हाय ह्यो, बाय. चांगला दोन तास रस्स्यात रटरटव, नायतर दात हातात येतील.” मैना हसली होती. घरी येऊन तिने पिशवी ओट्यावर ठेवली. सुजयने ती उघडली, मसाला लावायला घेतला, तरी ती काही बोलली नाही.

ट्रे आत गेला. आईने खुर्ची ओढून आणली आणि टीव्हीसमोर बसावं तशी ओव्हनच्या काचेसमोर बसली. मैना वर्षानुवर्षं ह्याच ओट्याशी उभी होती. आईने कधी इथे खुर्ची मांडली नव्हती. यायची ती चमचाभर चाखायला. “मीठ हात राखून टाकावं माणसाने,” एवढं म्हणून परत जायची.

“रंग बघ गो, रंग कसा धरतोय!” आई काचेला नाक लावून म्हणाली.

मैना कोरडाच असलेला ओटा पुसत राहिली.

लोण्याचा वास अंगण ओलांडून गेला आणि शेजारचे राजाभाऊ बोलावण्याआधीच दारात आले. “नाकाला धरून आणलंस रे मला!” म्हणत त्यांनी पाटही स्वतःच मांडून घेतला.

सुजयने एका तुकड्यात सुरी खुपसून पाहिली. सुरी आत जाईना. त्याने हळूच बहिणीकडे पाहिलं.

“ताई, झालं असेल ना?”

कुकर तिच्या हाताशीच होता. थोडं पाणी, चार शिट्ट्या. अजूनही निभावलं असतं. मैनाने कुकर उचलला, पदराने पुसला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.

“तुझी पद्धत. तुला ठाऊक.”

सगळे जेवायला बसले. राजाभाऊंचा जबडा बराच वेळ चालू होता.

“भाज्या फक्कड,” शेवटी ते म्हणाले. “कोंबड्याशी अजून बोलणी चालू आहेत.”

सुजय हसला, पण त्याचे कान लाल झाले. आईने कवळी सावरली. घास ह्या गालातून त्या गालात गेला, परत आला, आणि अखेर पाण्याच्या घोटाबरोबर तसाच खाली उतरला. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

“कसं कोवळं झालंय हो,” आई म्हणाली. “अगदी लोणी. हाताला चव असते म्हणतात, ती ही.”

मैनाचा हात ताटातच थांबला.

“आई, उगाच काय!” सुजयने ताट पुढे सरकवलं. “नुसतं चामडं झालंय. ताई, तू तरी खरं सांग.”

“मला ठाऊक होतं,” मैना म्हणाली. “हा भाजून खायचा कोंबडा नव्हे. बाबल्याने सकाळीच सांगितलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

राजाभाऊंनी हातातलं हाड ताटाच्या कडेला ठेवलं. आई पेला चाचपत होती; तो तिच्या समोरच होता. मैनाने तो उचलून तिच्या हातात दिला.

“आईने एकदा तरी तुला नावं ठेवावीत,” ती म्हणाली, “आणि ती मी ऐकावीत, एवढंच वाटत होतं.”