कुणीही उतरायचं नाही

डोंगरावरच्या माणसांना सपाटीवरचे लोक हेकट म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. वर झाड तग धरत नाही, बारा महिने वारा नाकातोंडात शिरतो आणि शेजारच्या घरी जायचं तरी एक ओढा न्‌ दोन चढ आडवे येतात. अशा जागी नांदायचं तर हेकट असावंच लागतं. पण जीव लावतील तर असा, की वाटेत गाडी अडली तर न बोलावता दहा जण खांदा द्यायला हजर.

त्या दिवशी हाच चांगुलपणा सूनबाईच्या मुळावर उठला.

सूनबाई म्हणजे बसची ड्रायव्हर. माहेर सपाटीचं, सासर थेट पठारावरचं. जुनी बस मोडीत निघाली होती, नवीची आज पहिलीच फेरी. डेपोचे साहेब पहिल्या सीटवर बसले होते आणि त्यांनी निघतानाच बजावलं होतं, "पठारापर्यंत पोचलात तर गाडी रोज वर जाईल. नाहीतर फेरी पायथ्याशीच संपेल."

पायथ्याशी संपली की काय होतं, ते सूनबाईने गेल्या हिवाळ्यात पाहिलं होतं. बस बंद होती म्हणून सासऱ्यांना खाटेवर घालून उतरवलं, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

शेवटच्या वळणाला सगळे 'नाक' म्हणतात. रस्ता भिंतीसारखा उभा, वर सुटी खडी. सूनबाईने पहिला गिअर टाकण्यासाठी गाडी हळू केली मात्र, सगळी बस उठून उभी राहिली. जुन्या बसला नाकावर माणसं झेपायची नाहीत. तिथे उतरायचं, चालत वर जायचं आणि पुन्हा बसायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. कंडक्टरनेही सवयीने दार उघडलं आणि तोही उतरला. दूधवाल्या मामांनी तर कॅनसुद्धा उतरवले.

"तू ये सावकाश, तुझ्या गाडीला आमचा भार नको," म्हणत सासूबाईही उतरल्या.

गाडीत उरले ती आणि साहेब. तिने ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं जागेवरच गरगरली, खडी उडाली आणि बस हातभर मागे घसरली. तिने ब्रेक लावला. पुन्हा तेच.

"वळवा गाडी," साहेब म्हणाले.

सूनबाईने आरशातून मागच्या रिकाम्या सीटांकडे पाहिलं. मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने खिडकीतून मान बाहेर काढली.

"सगळे आत या. मागच्या सीटवर बसा."

"अगं पोरी, रिकामी चढेना, ती भरलेली कशी चढेल?" मामा म्हणाले.

"रिकामी आहे म्हणूनच घसरतेय, मामा. मागच्या चाकांवर वजन पाहिजे."

कुणी हललं नाही. नाकावर बसून राहिलेला माणूस आजवर जन्मला नव्हता. ती रडकुंडीला आली. तेवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला.

"ती सांगतेय ना? चला मग. आणि वजनाचंच म्हणाल, तर मी एकटी तुम्हा दोघातिघांना भारी आहे." त्या तडक शेवटच्या सीटवर जाऊन बसल्या. "साहेब, तुम्ही काय पाहुणे आहात? या मागे."

साहेब मुकाट्याने मागे गेले. मामा कॅनसकट आले, बाकीचे त्यांच्यामागोमाग.

सूनबाईने गाडी अलगद मागे घेतली, जरा घट्ट जमिनीवर आणली आणि पहिल्या गिअरमध्ये सोडली. चाकं एकदा घसरली. मग त्यांनी खडी धरली. इंजिन कण्हत होतं, बस कासवाच्या चालीने चढत होती, आणि आत माणसं जीव मुठीत धरून, सगळा भार मागे टाकून बसली होती. नाक सरलं. समोर पठार मोकळं झालं, वाऱ्याने गवत लोळत होतं आणि लांबवर घरांचा धूर दिसत होता. सूनबाईला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

इंजिनाचा आवाज ऐकून अख्खी वस्ती थांब्यावर जमली होती.

"उद्यापासून रोज," साहेब उतरता उतरता म्हणाले.

"नाकावर कुणीच उतरलं नाही!" मामांनी कॅन खाली ठेवत सांगितलं.

"एवढी भरलेली गाडी नाकावरून आणली कुणी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

सासूबाई दारातच थांबल्या. सुनेचं कौतुक त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. वाऱ्यातही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आमच्या पोरीने."