आजोबांनी दिलेली जागा

सरकारी इस्पितळ जुनं झालं होतं. छत गळायचं, लिफ्ट बंद पडली की रुग्णाला चादरीत धरून चौघांनी जिना चढायचा. नव्या इमारतीचा अर्धा खर्च सरकार देणार होतं. उरलेला नगरपालिकेने उभा करायचा. तिच्याकडे विकण्यासारखं एकच होतं, जुन्या इस्पितळाची भर बाजारातली जागा. पण तिथेच माशी शिंकली.

ती जागा एका लाकूड व्यापाऱ्याने दान दिली होती. अट अख्ख्या शहराला पाठ होती: इस्पितळ हललं, तर जागा घराण्याकडे परत. आता घराण्यात वारस म्हणून दोघंच उरली होती. थोरली नात त्याच इस्पितळात प्रसूती विभागाची सिस्टर. धाकटा नातू आजोबांची वखार चालवायचा. खरं तर वखारच त्याला फरफटत नेत होती.

नगराध्यक्षा दोघांना भेटल्या, हक्क सोडा म्हणाल्या. ताई लगेच तयार झाली. भाऊ म्हणाला, विचार करतो. त्याच्या 'विचार करतो'चा अर्थ ताईला लहानपणापासून ठाऊक होता.

ती वखारीत गेली. तो चिडला नाही. धंदा डबघाईला आलाय, मुलींची शिक्षणं व्हायचीत, आजोबांनी देताना पुढच्यांचा विचार केला नाही, असं सांगत राहिला. मग म्हणाला, "तुझं बरं आहे ताई. पगार येतो, मागे कुणी नाही. तुला दानशूर व्हायला काय जातं?"

ते तिला फार लागलं. दोन दिवस ती धुमसत होती. राग ओसरल्यावर मात्र तिला वाटलं, उदार आपण होणार आणि झळ त्याच्या घराला बसणार, यात खोटं काय बोलला तो?

ती पुन्हा गेली. "राहत्या घरातला माझा हिस्सा तुझ्या नावे करते. तू तिकडे सही कर."

"मग तू राहशील कुठे?"

"भाड्याने."

त्याने झाडू घेऊन करवतीचा भुसा गोळा करायला घेतला. हो म्हणाला नाही, नकोही म्हणाला नाही. पुढच्या आठवड्यात दोन्ही सह्या झाल्या.

नवं इस्पितळ उभं राहिलं. ताईच्या हिश्श्याचं कुणाला ठाऊक नव्हतं; शहराने भावाचे गोडवे गायले. उद्घाटनाला तो फिरकलाच नाही. वखार भरभराटीला आली नाही, पण बुडायची राहिली. ताई औषधांच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेली. भाऊ तिला रस्त्यात टाळू लागला.

मग एका सुट्टीच्या सकाळी तो फळ्या आणि हत्यारांची पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. तुझी भांडी जमिनीवरच असतात असं धाकट्या लेकीकडून कळलं, म्हणाला. दुपारपर्यंत त्याने भिंतीला मांडणी ठोकली. ती चहा घेऊन आली, तेव्हा तो हातातल्या खिळ्यांकडे बघत म्हणाला, "ताई, मी तुझा हिस्सा घ्यायला नको होता."

"तू मागितला नव्हतास."

"घेतला तर खरा."

तिने कप त्याच्यासमोर ठेवला आणि ती एकेक भांडं मांडणीवर लावू लागली.