भवानीला लावलेली धार

माझा साईनाथ पोलीस भरतीत लागला आणि त्या आनंदात ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून काय घेऊन आला, तर तलवार! महाराजांच्या भवानी तलवारीची प्रतिकृती. मखमली म्यान, सोनेरी मूठ. आमच्या आंबिवलीच्या दोन खोल्यांत ती टीव्हीच्या वर लागली. ट्रेनिंगला जायचं होतं, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. इतकी वर्षं विळा-कोयता पुजला, या वर्षी भवानी! पण पात्यावर बोट फिरवलं तर अगदीच बोथट. मला काही पटेना. "अरे, महाराजांची ना ही? देवापुढे अशी मुर्दाड ठेवायची?"

"आई, शोची असते गं ती," म्हणाला. पण गेला की स्वतःच धारवाल्याकडे! हौस त्यालाही होतीच.

पूजा झाली. घरातली मोठी मी, म्हणून कोहळा मीच कापला. एका घावात दोन भकलं! अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? माझी धाकटी जाऊ जागृती कल्याणहून आलेली, ती मोबाईल घेऊन समोर उभी. "ताई, परत एकदा वर धरा ना!" मी मेली शहाणी, धरली. तिने व्हिडिओ टाकला सगळ्या जगाला, वर लिहिलं, "आमच्या होणाऱ्या पोलीससाहेबांच्या घरी." तिचा सुमित त्याच भरतीत नापास झालेला. काय समजायचं ते समजा.

दसरा होतो न होतो तोच पोलीस दारात. साहेबांनी तलवार उतरवली, पात्यावर कागद धरला. कागद टरकन फाटला.

"नुसती शोची असती तर परत गेलो असतो," ते म्हणाले. "आता हे हत्यार झालं. कोणाची तलवार? धार कोणी लावली?"

मी पोराकडे बघितलं. त्याच्यावर गुन्हा म्हणजे नोकरी गेली, एवढं मलाही कळत होतं. मी पुढे होणारच होते, आईशप्पथ! तोंड उघडणार, तोच साईनाथ बोलला.

"आईची आहे साहेब. धार तिनेच लावून आणली. मी नको नको म्हणत होतो."

जरा थांबायचंस की रे! मला बोलू द्यायचंस!

"हो साहेब," मी म्हटलं, "मीच."

मला गाडीत घातलं. अख्खी चाळ गॅलरीत उभी, हा खालीसुद्धा उतरला नाही.

आता कल्याण कोर्टात माझ्या तारखा चालू आहेत. साईनाथचं ट्रेनिंग संपलं. आज त्यांची शेवटची परेड, सगळ्यांचे आईबाप येणार. परवा त्याचा फोन आला. "आई, तू नको येऊस. तिथे मोठे साहेब असतात. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, कोणी ओळखलं तर?"

"मग तुझं कौतुक करायला कोण असणार?"

"काकीला सांगितलंय. आईच्या खुर्चीवर ती बसेल. तासाभराचा तर प्रश्न आहे."

मी फोन ठेवला. डोळ्यांतून पाणी येईना, एवढा राग आलेला.

आज सकाळीच जागृती दारात. "ताई, तुमची ती मोरपंखी साडी द्या ना. तुम्ही आता कुठे नेसणार?"

दिली. निऱ्यासुद्धा मीच घालून दिल्या. माझ्या साईनाथची आई म्हणून बसणार, तर नीट दिसायला नको?