दुसऱ्या रिमोटचा उजवा बाण

मित्रांनो, जुन्या टीव्ही गेमला दोन रिमोट असायचे. खेळायचे ते पहिल्याने. मी दुसरा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही, पाठीवरचं लेबल कधीच झिजून गेलं. कल्याणच्या बाजारातून मला कळव्याच्या एका चाळीत आणलं, ते दोन भावंडांसाठी. थोरला महेंद्र आणि धाकटी प्रियांका. त्यांचा लाडका गेम होता एका बुटक्या शिपायाचा. तो उड्या मारत, खड्डे चुकवत, काट्यांवरून पुढे जायचा. गेम होता एकट्याने खेळायचा. पण धाकटं भावंड रडायला लागलं की त्याची समजूत कशी काढतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच. महेंद्रने मला प्रियांकाच्या हातात दिलं आणि सांगून टाकलं, "अगं, तूच खेळतेयस. मी नुसता बसलोय."

ती बिचारी मनापासून खेळायची. शिपाई उजवीकडे जातो म्हणून माझा उजवा बाण जीव खाऊन दाबून धरायची. मला त्याचं काहीच वाटत नसे. रिकाम्या कामाची मला सवय होती.

एकदा महेंद्रचा शिपाई खड्ड्यात पडला आणि मेलाच नाही. तळातून उसळी घेऊन पार वर आला! महेंद्र ओरडला, "काय केलंस गं?" प्रियांका घाबरून म्हणाली, "मी काय नाय केलं." केलं होतं तिनेच. गेम बनवणाऱ्यांनी तपासणीसाठी ठेवलेली एक फट बुजवायची राहून गेली असावी. माझा उजवा बाण दाबलेला असला की खड्डा शिपायाला गिळत नसे. त्या दिवसापासून थट्टेने दिलेला रिमोट घरात भाव खाऊ लागला.

पुढे भावंडं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, घर बाळकुमला गेलं आणि मी माळ्यावर गेलो. तिथे किती वर्षं गेली कोण जाणे. मग महेंद्रला मोबाइलवर कळलं, की असे जुने गेम कमीत कमी वेळात संपवायच्या शर्यती लागतात आणि अशा फटी वापरायला तिथे परवानगी असते. त्याने मला खाली काढलं, रबर पुसलं, वायरला नवी पिन लावली. रविवार आला की दोघं बसत. त्यांना आणखी एक युक्ती सापडली होती. शिपायाची शेवटची ताकद संपत असतानाच त्याला खड्ड्यात टाकायचं आणि माझा बाण धरून ठेवायचा. गेमचा हिशेब तिथे चुकतो. शिपाई मरतो, पण मेल्यासारखा पडत नाही. संगीत बंद होतं. त्याला काटे लागत नाहीत, शत्रू लागत नाहीत. तो आवाज न करता चालत राहतो. शेवटचा सगळा किल्ला ते असाच पार करायचे. ठाण्याच्या एका सभागृहात शर्यत ठरली, तेव्हा महेंद्रने दोघांचीही नावं दिली.

त्याच महिन्यात महेंद्र गेला. कामावरच छातीत कळ आली, एवढंच मी ऐकलं.

प्रियांका रडली नाही. जेवायची, ऑफिसला जायची, फोनवर 'हो, हो' म्हणायची. शर्यतवाल्यांनी विचारलं, "त्यांचं नाव काढू का?" ती म्हणाली, "राहू दे." पहिला रिमोट आता तिलाच चालवायचा होता, मग माझा बाण कोण धरणार? कुणी सुचवलं, बाणावर चिकटपट्टी लाव. पण माझं रबर इतकं मऊ पडलं होतं की पट्टीला दाद देईना. त्याला माणसाचा अंगठाच लागे. नवा रिमोट आणायला ती तयार नव्हती. भावाबरोबर बसवलेला खेळ एकदा पुरा व्हावा, याखेरीज तिला काही नको होतं.

शेवटी तिने आईला बसवलं. रमाबाईंनी आयुष्यात कधी गेमला हात लावला नव्हता.

"आई, तो पडला ना, तरी सोडायचं नाय. समजलं?"

"समजलं गं."

तरी दरवेळी तेच व्हायचं. शिपाई खड्ड्याकडे झुकला की त्यांचा अंगठा सुटायचा. प्रियांका चिडायचीही नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. रमाबाई म्हणायच्या, "तो खाली जाताना दिसला की माझा हातच राहत नाय. काय करू?"

शर्यतीच्या दिवशी सभागृहात बरीच मंडळी होती. प्रियांकाचे हात यंत्रासारखे चालत होते. शेवटचा किल्ला आला. शिपायाची ताकद संपत आली आणि तिने त्याला खड्ड्यात सोडलं.

संगीत थांबलं. रमाबाईंचा अंगठा सुटायला आला. त्यांनी हलकेच विचारलं, "मेला का गं?"

प्रियांकाने पडद्यावरची नजर काढली नाही. "हो आई. धर तू."

त्यांनी धरलं. मित्रांनो, इतकं घट्ट मला कुणीच धरलं नव्हतं. शिपाई वर आला आणि चालू लागला. काट्यांतून, गोळ्यांतून, सगळ्यांतून. किल्ला संपला, पडद्यावर अक्षरं आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंबर कितवा आला ते मी ऐकलं नाही. त्या मायलेकींनीही ऐकलं नसावं.

माझा बाण अजून दाबलेलाच होता.

"आई, संपलं. सोड आता."

"सोडवत नाय गं."

प्रियांकाने आईच्या अंगठ्याकडे बघितलं. मग तिने आपला रिमोट खाली ठेवला, आईच्या अंगठ्यावर आपला अंगठा टेकवला आणि त्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं. मागचे लोक आपल्या पाळीची वाट बघत होते. कुणी घाई केली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा रिमोट तुमच्या घरी असेल, तर त्याची वायर करकचून गुंडाळू नका, ती आतून तुटते. रबर ओल्या फडक्याने पुसू नका. आणि घरात कुणी गप्प होऊन एकटंच खेळत बसलं असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.