पहिल्या नंबरची ओळ

सकाळी केस विंचरता विंचरता धाकटीचं लक्ष खिडकीकडे गेलं आणि कंगवा केसांतच राहिला. अण्णा शिलाई मशीनवर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, थेंब चालू असेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि हा गृहस्थ सुईत दोरा ओवून खुशाल बाह्या जोडतोय!

“अण्णा! थेंब घातले का?”

“बंद केले.”

“कोणी सांगितलं बंद करायला?”

अण्णांनी हनुवटीनेच स्वयंपाकघराची दिशा दाखवली. वहिनी हात पुसत बाहेर आली. “माझ्याकडे कशाला डोळे वटारता, वन्सं? ‘झोंबतात, झोंबतात’ म्हणून अण्णांनी घर डोक्यावर घेतलं होतं. म्हटलं, बघावं मोबाइलवर. एका नाही, चांगल्या दहा ठिकाणी लिहिलंय.” तिने वाचूनच दाखवलं. “‘डोळा निवळ पाण्यासारखा दिसू लागला आणि लाली उतरली, की थेंब बंद करायला हरकत नाही.’ मी त्यांना उजेडात उभं करून बघितलं. निवळ होता.”

धाकटी आरोग्याच्या वेबसाइटवर लेख लिहायची. शंका आली की सर्च करायचं, हा तिचा हातचा मळ. तिने मोबाइल उघडला. पहिला लेख तेच म्हणत होता, दुसरा तेच, तिसराही तेच. तिचा जीव क्षणभर भांड्यात पडला. इतके जण म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच की! पण ‘निवळ पाण्यासारखा’ हे शब्द माशाच्या काट्यासारखे घशात अडकले. असं कोणता डॉक्टर बोलतो?

तिने पहिल्या लेखावरचं वेबसाइटचं नाव पाहिलं. तिच्याच ऑफिसची वेबसाइट होती.

ती ओळ तिचीच होती.

झालं होतं असं. तिच्या संपादकाला ऑफिसात सगळे ‘एक नंबर’ म्हणायचे, कारण कुठल्याही लेखाबद्दल त्याचा प्रश्न एकच, “एक नंबरला आला का?” माणूस वाईट नव्हता, पण देवाने त्याला घाईच्या मुहूर्तावर घडवलं होतं. त्याचं शास्त्र सोपं. लोक जो प्रश्न विचारतात तो जसाच्या तसा लिहायचा आणि खाली एका वाक्यात सरळ उत्तर द्यायचं. सर्चला ते आवडलं, की ते वाक्य उचलून सगळ्यांच्या वर चौकटीत बसवलं जातं. थेंब कधी बंद करायचे, याचं उत्तर दवाखान्यांच्या सगळ्या पत्रकांत एकच होतं : डॉक्टर सांगतील तेव्हा. “हे उत्तर झालं की टोलवाटोलवी?” एक नंबर करवादला होता. “लोकांच्या हातावर काहीतरी ठेव!” खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता, पोटात कावळे ओरडत होते. तिने ठेवलं काहीतरी हातावर. लेख चढला, चौकटीत बसला, एक नंबरने सगळ्यांना चहा पाजला.

आणि बाकीचे नऊ? या धंद्यात जो तो वरच्याकडे बघून लिहितो. तीही तेच करायची. एकाने ध्रुपद धरलं की मागच्या टाळकऱ्यांनी उचलावं, तशी नऊ जणांनी तिची ओळ उचलली होती. फरक इतकाच, की कीर्तनात पुढे उभा राहणारा निदान शब्द कुणाचे आहेत हे जाणून गातो.

“अण्णा,” ती मशीनपाशी गेली, “ते मी लिहिलंय.”

मशीन थांबलं. अण्णांनी चष्मा वर केला. “तू?”

“हो. आणि ते चूक आहे.”

“अगं सूनबाई, ऐकलंस का? दहा जणांत पहिली आपली धाकटी!” अण्णांचा चेहरा असा फुलला की धाकटीला बघवेना. “मग तर प्रश्नच मिटला. आता कशाला घालू थेंब?”

“चूक आहे म्हणतेय ना मी!”

“तू लहानपणापासून अशीच. पेपर चांगला जायचा आणि नापास होणार म्हणून रडत यायचीस. जा, उशीर होईल तुला.” आणि मशीन पुन्हा पळायला लागलं.

तिने डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. दुपारी घेऊन या, म्हणाले. अण्णा हलतील तेव्हा ना! ऑफिसात ती पर्स न ठेवताच एक नंबरच्या टेबलासमोर उभी राहिली.

“ती थेंबांची ओळ काढायची.”

“काय बोलतेस! चौकटीतली ओळ आहे ती. काढली तर घसरू ना आपण.”

“माझ्या वडिलांनी थेंब बंद केलेत.”

एक नंबर जरा मऊ आवाजात म्हणाला, “मग फोन कर ना त्यांना. समजावून सांग.”

“माझं ऐकत नाहीत ते. लेखाचं ऐकतात.”

“बरं. त्या जागी काय लिहिणार?”

“डॉक्टर सांगतील तेव्हाच.”

“उत्तर नाही ते.”

“तेच उत्तर आहे, साहेब.”

त्याने मान खाजवली, पण नाही म्हणाला नाही. तिने ओळ बदलली आणि सर्च करून पाहिलं. चौकटीत जुनीच ओळ. पुन्हा पाहिलं. जुनीच. पाणी प्यायली, जिन्यापर्यंत जाऊन आली, पुन्हा पाहिलं. आता चौकट बदलली होती. तिच्या जागी दुसऱ्या वेबसाइटचं नाव आलं होतं आणि नावाखाली तेच, निवळ पाण्यासारखं. खाली कॉम्प्रेसर सुरू झाला. तिला वाटलं आपल्याच छातीत सुरू झालाय. पर्स उचलून ती घरी पळाली.

घरी आल्या आल्या तिने मोबाइल अण्णांपुढे धरला. “वाचा. त्याच लेखात काय लिहिलंय बघा.”

अण्णांनी मोबाइल लांब धरला, मग जवळ आणला. वहिनीने खांद्यावरून डोकावून वाचलं. “अय्या, सकाळी वेगळं होतं की!”

“बघ,” अण्णा म्हणाले, “यांचं काय खरं धरायचं? अर्ध्या दिवसात शब्द फिरवला. बाकीचे नऊ बघ, कसे शब्दाला पक्के आहेत.”

धाकटीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. ती मशीनशेजारी जमिनीवरच बसली.

“अण्णा, ते नऊ जण माझंच बघून लिहितात. आणि मी कुणाचं बघून लिहिलं माहीत आहे? कुणाचंच नाही. मला भूक लागली होती. साहेबांना एक वाक्य हवं होतं. मी मनाने रचलं.”

“कुणाला विचारलंही नाहीस?”

“नाही.”

“म्हणजे दहाच्या दहा...”

“हो.”

अण्णांचा पाय मशीनवरून खाली आला. चष्मा काढून त्यांनी तो डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. तेवढ्या जवळून धाकटीला दिसलं : बुबुळाच्या कडेला लाल रेघा धरल्या होत्या.

“कालपासून उजेड टोचतोय गं,” ते हळूच म्हणाले. “म्हटलं, निवळतोय म्हणून असेल.”

वहिनीने तोवर चपला पुढे आणून ठेवल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी यंत्राला हनुवटी लावायला सांगितली आणि बराच वेळ आत पाहिलं. तेवढा वेळ धाकटी दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फिरत राहिली. किती नवस बोलली, तिचं तिलाच ठाऊक.

“आत सूज परत आलीय,” बाई अखेर म्हणाल्या. “बरं झालं आजच आणलंत. थेंब पुन्हा सुरू, आणि आधीपेक्षा जास्त वेळा. उतरेल असं वाटतंय, पण शब्द देत नाही. उद्या परत दाखवा. आणि आजोबा, मी सांगेपर्यंत बंद करायचे नाहीत.”

“धाकटीच्या लेखात आता तेच उत्तर आहे,” अण्णा पुटपुटले. बाईंना काही कळलं नाही.

बाहेरच्या बाकांवर गर्दी होती. अण्णा डोळ्यावर हात धरून धाकटीच्या आधाराने चालत होते. कोपऱ्यात एक म्हातारी डोळ्याला हिरवं फडकं लावून बसली होती आणि तिचा मुलगा मोबाइल बघत तिला सांगत होता, “आई, इथे लिहिलंय, डोळा निवळला की थेंब...”

अण्णा जागीच थांबले. “ते चूक आहे!” ते इतक्या मोठ्याने म्हणाले की सगळा दवाखाना वळला. “नका हो बंद करू. माझ्याच मुलीने लिहिलंय ते!”

त्या आवाजात भीती होतीच, पण देवाशपथ, अभिमानही होता. तो काही जायला तयार नव्हता. सगळे डोळे, उघडे आणि झाकलेले, धाकटीकडे लागले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण जमीन तशीच राहिली, आणि तो मुलगा मोबाइल हातात धरून तिच्या उत्तराची वाट पाहत होता.

अण्णांना बाकावर टेकवून ती त्या म्हातारीपुढे जाऊन बसली.

“आजी,” ती म्हणाली, “डॉक्टर सांगेपर्यंत थेंब घालायचे. तुमच्या बाटलीत शिल्लक आहेत का?”