आटलेल्या गाईची एक धार

मी एक जुनी पितळी कासंडी आहे. तळाला पोचा आहे, कडेला डाग दिलेला आहे. तरी मित्रांनो, मला मोडीत काढू नका. शिराळ्याच्या नाथाजीच्या घरात शहाणपण होतं ते माझ्यात आणि त्याच्या सुनेत, लीलाबाईत. बाकी नुसत्या मिशा.

रहिमतपूरच्या बाजारातून आले त्या दिवसापासून मी या घरच्या गाईंच्या धारा झेलल्या. कासेखाली कोण कसा बसतो, यावरून मी माणूस ओळखते.

लढाईचा काळ होता. लीलाबाईचा नवरा पलटणीत, आणि तान्ह्या पोरीला अंगावरचं पुरत नव्हतं. सगळी भिस्त कपिली गाईवर. ती दसऱ्याला व्यायची होती. लीलाबाईने आषाढात तिला रीतसर आटवलं, म्हणजे विण्याआधी धार काढणं बंद केलं. शेवटची धार निपटून काढली, कास धुऊन पुसली, तिच्या बसायच्या जागी रोज कोरडी राख टाकली. मला खुंटीला पालथं टांगलं.

नागपंचमीला नाथाजी मला काढून गोठ्यात शिरला.

"मामंजी, आटवून तीन आठवडं झालं. सडाला हात नगा लावू."

"मग नागाला शेजारचं दूध दावू व्हय? एका धारेनं कास तुटती का काय?"

पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला माणूस. अक्कल तिकडंच जमा करून आला असावा. शेणाचे हात धोतराला पुसले आणि मागचं सड पिळलं. माझ्या तळाला चमचाभर पिवळं, चिकट पाणी पडलं. तेच मिरवत पूजेला धरून आणलेल्या नागापुढे नेलं. नाग प्यायला नाही. त्याला तेवढी समज होती.

चौथ्या दिवशी कपिलीने वैरण सोडली. सड तापलं, कास दगडासारखी झाली. गुरांचा जाणकार कोंडीबा आला, त्याने चाचपून पाहिलं.

"आवं नाथाजी, गाय आटली की सडाच्या तोंडाला बूच बसतंय. त्येच तिचं कुलूप. तुमी ते काढून घाणीला वाट दिली."

"नागासाठी केलं रं."

"नागाला इचारलं हुतं?"

शेकलं, चोळलं. उपयोग झाला नाही. दसऱ्याला कपिली व्यायली ती तीन सडांवर. त्यातच वासरू, त्यातच पोरगी. पोरगी जगली, पण अर्ध्या पोटावर.

पुढच्या श्रावणात गाय पुन्हा आटलेली. नागपंचमीला नाथाजी खुंटीकडे बघायला लागला. लीलाबाईने पोरीला काखोटीला मारलं आणि लाह्यांचं ताट त्याच्या हातात दिलं.

"नागाला लाह्या चालत्यात, मामंजी. इचारलंय मी."

मित्रांनो, आटलेल्या गाईची जागा कोरडी ठेवा आणि आपले हात आवरा. एवढंही जमत नसेल तर गाय पाळू नका, कोंबडी पाळा. आणि एखाद्या गोठ्यात कासंडी पालथी टांगलेली दिसली, तर समजा, त्या घरात कुणीतरी शहाणं आहे.