अतिथिगृहासमोरची हिरवळ

ग्रामसमृद्धी मंडळाने १९८१ च्या दिवाळीत फलकावर लावलेले निवेदन असे होते : "अतिथिगृहासमोरील जागा पूर्वापार पडीक असून तेथे कधीही काहीही नव्हते. हिरवळ न उगवण्याचे कारण केवळ निकृष्ट बियाणे हे होय."

बियाणे निकृष्ट असेल तर ते सगळीकडे निकृष्ट असते. हे बी एकाच पोत्यातले होते. वाळूत कालवून एकाच हाताने आधी उभे, मग आडवे फेकलेले. ओल्या तरटाखाली एकाच झारीचे पाणी प्यालेले. ते चहूकडे दाट उगवले आणि मधूनमधून, हातभर रुंद नि दोन हात लांब, काळी माती उघडी सोडून थांबले. निकृष्ट बियाण्याला असे माप घेता येत नाही. आणि जिथे कधीही काहीही नव्हते, तिथली माती कंबरभर खोल उपसून फेकण्यासाठी मंडळाने ट्रॅक्टर का बोलावला होता, हेही निवेदनाने सांगितले नव्हते.

देवळीच्या अलीकडच्या त्या गावात तान्ह्या लेकरांना जाळत नसत. आता हिरवळ लावलेल्या याच नाल्याकाठच्या माळावर पुरत. खड्ड्यात मीठ, मिठावर लेकरू, वर पुन्हा मीठ, माती, आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीची काटी आणि एक दगड. पाटलांची लेकरे वरच्या अंगाला, बौद्धांची खालच्या. नाव ठेवायच्या आधी गेलेल्या जिवालाही गावाने जात तेवढी न चुकता दिली होती.

खालच्या अंगाला अन्नपूर्णाबाईंची तान्ही लेक कोकिळा पुरलेली होती. बाई आता नालवाडीच्या शाळेत शिकवत. वर्षातून एकदा येत, एका पांढऱ्या गारगोटीपाशी बसत आणि शेवटच्या बसने परत जात. मंडळाचा माळी कवडू त्यांचा चुलत दीर. ट्रॅक्टर येणार असल्याची बातमी त्यानेच आणली. बाई येऊन पाहतात तो गारगोटीसकट एकही दगड जागेवर नव्हता.

"दगड कुठी गेले, कवडू?"

"मले काय मालूम, वयनी? मले कामाले लावलं तवा जागा ताटासारखी साफ होती. मले वाटलं, तुमाले इचारलं असंल."

"मले? आपल्याले कोन इचारते रे?"

"तेबी खरं हाय," कवडू म्हणाला आणि पायाच्या अंगठ्याने माती टोकरत राहिला.

त्या सांजेला बाई हिरवळीच्या कडेला उभ्या राहिल्या. कवडूने नुकतेच पाणी दिले होते. गवताने ते केव्हाच पिऊन टाकले होते. उघड्या तुकड्यांवर मात्र ते तसेच थांबून होते, आणि प्रत्येकात मावळतीचे आभाळ उतरले होते. इतक्या पावसाळ्यांनी धुतल्यावर मीठ उरायला नको होते. कवडूने तीनदा बी टाकले होते, तीनदा गवत त्या कडांपाशी येऊन थबकले होते. तुकडे एकमेकांच्या कुशीला लागून निजल्यासारखे दिसत. वारा आला की भोवतालचे गवत त्यांच्यावर वाके, जणू पांघरूण घालायला, आणि पोचत नसे. बाईंनी एकेका तुकड्यापाशी वाकून पाहिले. आपली कोणती, हे आईला ओळखू येईना. उद्या ट्रॅक्टर चालला की ओळखण्याजोगे काही उरणारच नव्हते.

"अजून एक गोष्ट," कवडू मागून हळूच म्हणाला. "बी टाकलं तवा नुसती माती होती. तरी मंडळाचा सचिव किसनराव त्या कोपऱ्यातून कधी सीधा नाई गेला. वळसा घालूनच जाय."

त्याने दाखवलेला कोपरा वरच्या अंगाचा होता.

सकाळी मंडळाचे सभासद ओसरीवर चहा घेत होते. ट्रॅक्टर फाटकात घरघरत होता. सचिव किसनराव पांढऱ्याशुभ्र धोतरात उभे होते.

"या मास्तरीनबाई. आज शाळेले सुट्टी?"

"शाळा इथंच भरवाले आली. हे निवेदन तुमचंच ना?"

"मंडळाचं हाय."

"मंग इथं काही नव्हतं."

"नव्हतं म्हंतो ना. किती डाव सांगू?"

"बरं. तं मंग ओसरीवरून फाटकापर्यंत सीध्या रेघेत चाला. त्या कोपऱ्यातून. तुम्ही चालून गेले, तं मी पुढच्या गाडीनं नालवाडीले जातो."

एक सभासद हसला. "चाल ना बे किसन, गवतच हाय. पाय थोडेच झिजतात?"

किसनराव पायऱ्या उतरले. गवतावरून ताठ चालत निघाले. कोपऱ्यातल्या उघड्या तुकड्यापाशी त्यांचा उजवा पाय उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला. तुकड्यावर साचलेल्या पाण्यात त्यांच्या चपलेचा तळ दिसत होता. त्यांनी पाय मागे घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा मागे घेतला. मग ते तिथेच गवतात बसले, आणि न वळता त्यांनी हात वर केला. ड्रायव्हरने इंजिन बंद केले.

बाईंनी आवाज चढवला नाही. वर्गात विचारावे तसे विचारले, "दगड कोनं उचलले?"

किसनरावांनी दिलेले उत्तर मंडळाच्या फलकावर कधी लागले नाही. ते शब्दशः असे :

"मीच उचलले, बाई. रातच्यानं एकट्यानं. पयले माह्या पोराचा उचलला, तो उचलता आला, मंग बाकीच्याइचे काहीच जड नाई गेले. वाटलं, एकडाव गवत आलं का मलेबी समजनार नाई तो कुठी हाय."